सेवा क्लब : लाभार्थी की सभासद?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या वस्तीतील समाजमंदिरात एका सेवा क्लबने मोफत नेत्रतपासणीचे शिबिर भरवले होते. रविवार असल्याने सकाळी सातपासूनच माणसे येऊन बसली होती. कुणी गिरणीतून कमी झालेले आजोबा, कुणी चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशी, तर कुणी महापालिकेच्या सफाई खात्यात उभे आयुष्य घालवलेले काका. आम्ही मंडळाचे कार्यकर्ते नंबराच्या चिठ्ठ्या वाटत होतो. एवढ्यात एका मावशीने आमचा हात धरून विचारले, "बाळा, ही माणसं कोण रे? सरकारची का पार्टीची?"

आम्ही म्हणालो, "मावशी, दोन्हीकडची नाहीत."

"मग आपल्यापायी खर्च कशाला करत्यात?"

आम्ही बी.कॉम. झालेले, ऑफिसात दिवसभर कागदाला कागद जोडणारे. पण या साध्या प्रश्नाला आम्हाला धड उत्तर देता आले नाही. "समाजसेवा करतात," एवढेच मोघम बोलून आम्ही पुढच्या माणसाला चिठ्ठी दिली. मावशींचे समाधान झाले नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. खरे म्हणजे आमचेही झाले नव्हते.

वाचक बंधू-भगिनींनो, रोटरी, लायन्स ही नावे आपण सर्वांनी ऐकलेली आहेत. चौकातल्या बाकावर, रुग्णवाहिकेवर, पाणपोईवर ती रंगवलेली असतात. रक्तदान, नेत्रतपासणी, वह्यावाटप अशा निमित्ताने ही मंडळी आपल्या वस्तीत येतात आणि जातात. परंतु हे क्लब चालतात कसे, त्यांच्यात एकोपा कशाने टिकतो आणि आपल्यासारख्या कष्टकरी कुटुंबांनी त्यांच्याकडून काय घ्यावे, काय घेऊ नये, याचा विचार आपण सहसा करीत नाही. तो करावा म्हणून हा लेखनप्रपंच.

एकट्या माणसांचा मेळावा

आरंभ अमेरिकेतील शिकागो शहरात झाला. पॉल हॅरिस नावाचे एक वकील व्हरमाँट राज्यातल्या छोट्या गावात वाढलेले होते. शिकागोत त्यांची वकिली चालत होती, पण मोठ्या शहरात जिवाभावाचे कुणी नव्हते. गावाकडे दुकानदार, शिंपी, डॉक्टर सगळे एकमेकांना नावाने ओळखतात. इथे शेजारच्या खोलीत कोण बसतो तेही ठाऊक नाही, ही त्यांची खंत होती. नोकरीसाठी गाव सोडून मुंबईत आलेल्या आपल्या वाडवडिलांना ही खंत नवी वाटणार नाही.

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी संध्याकाळी हॅरिस आणि त्यांचे तीन स्नेही एकत्र बसले. एक कोळशाचे व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपीकामाचा धंदा करणारे. जागा होती त्या खाण अभियंत्याचे ऑफिस. प्रत्येक वेळी वेगळ्या सभासदाच्या ऑफिसात आळीपाळीने बसायचे ठरले, म्हणून फिरती या अर्थाचे 'रोटरी' हे नाव पडले. पुढे एक छापखानेवाले सभासद आले. त्यांनी बैठकीत सर्वांनी मिळून गाणे म्हणण्याची प्रथा पाडली.

म्हणजे सुरुवातीला यात समाजसेवा नव्हतीच. मैत्री होती, आणि खरे सांगायचे तर आपापसात धंदा वाढवण्याचा हेतूही होता. पण नुसते आपल्यापुरते जमणे फार दिवस पुरत नाही, हे त्यांच्याही ध्यानात आले. १९०७ साली शिकागोच्या रोटरीने पहिले सार्वजनिक काम हाती घेतले. ते कोणते असेल? पुतळा नाही, कारंजे नाही. शहरात सार्वजनिक मुताऱ्या आणि संडास असावेत म्हणून त्यांनी पालिकेकडे पाठपुरावा सुरू केला! सकाळी डबा घेऊन रांगेत उभे राहिलेल्या आपल्या आयाबहिणींना या कामाचे मोल वेगळे सांगायला नको.

लायन्सची हकिगत थोडी निराळी आहे. मेल्विन जोन्स हे शिकागोतलेच विमा व्यवसायिक. व्यापाऱ्यांच्या एका मंडळाचे ते चिटणीस होते. नुसत्या धंद्याच्या गप्पा मारण्यापेक्षा ही बुद्धी लोकांच्या कामी का लावू नये, असा प्रश्न त्यांनी मांडला आणि १९१७ साली निरनिराळ्या मंडळांना एकत्र आणून लायन्स संघटना उभी केली. १९२५ साली अंध व बधिर असूनही विदुषी झालेल्या हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात येऊन अंधांसाठी लढण्याचे आवाहन केले. तेव्हापासून डोळ्यांचे काम हे लायन्सचे मुख्य काम झाले. आपल्या वस्तीत भरणाऱ्या नेत्रशिबिराचा धागा असा शंभर वर्षे मागे जातो.

आपल्या देशात रोटरी १९१९ साली कलकत्त्यात आली. आज जगभरात रोटरीचे सुमारे बारा लाख आणि लायन्सचे सुमारे चौदा लाख सभासद आहेत.

हजेरी, मुदत आणि दोन खाती

आम्ही हिशेबाचे माणूस. त्यामुळे या क्लबांची भाषणे ऐकण्यापेक्षा त्यांची वही कशी चालते, हे पाहण्यात आम्हाला अधिक रस. चौकशी करता करता जे कळले, त्यातील तीन गोष्टी आम्हाला फार मोलाच्या वाटतात.

पहिली गोष्ट हजेरी. रोटरीची बैठक पूर्वापार दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी होत आली. एखादा सभासद परगावी असला तर तेथील क्लबच्या बैठकीला बसून आपली हजेरी भरून काढायचा. २०१६ पासून या नियमात बरीच सवलत आली आहे, तरी नियमित भेटणे हा पाया कायम आहे. आपल्याकडे मंडळाची बैठक कधी होते? जयंती जवळ आली की, नाहीतर भांडण झाले की. मग माणसे एकमेकांना फक्त घाईत किंवा रागात भेटतात. मैत्री व्हायची कशी?

दुसरी गोष्ट मुदत. या क्लबांचा अध्यक्ष १ जुलैला येतो आणि ३० जूनला उतरतो. एक वर्ष, बस्स. कितीही कर्तबगार असला तरी पुढच्याला जागा द्यायची आणि आपण साध्या खुर्चीवर बसायचे. अध्यक्षपदावरून फुटलेली मंडळे आपण किती पाहिली! एका गल्लीत एकाच महामानवाच्या नावाची तीन मंडळे आणि तीन लाऊडस्पीकर, हे चित्र आपल्याला परके नाही.

तिसरी गोष्ट दोन खाती. लायन्स क्लब दोन निरनिराळी खाती ठेवतो. सभासदांच्या वर्गणीतून क्लबचा चहापाणी, टपाल, सभागृहाचे भाडे असा खर्च भागवायचा. लोकांकडून सेवेसाठी जमा केलेला पैसा दुसऱ्या खात्यात, आणि तो लोकांच्याच कामावर खर्च व्हायचा. त्यातून सभासदांच्या जेवणाचा एक रुपयाही द्यायचा नाही. बंधूंनो, हा एक नियम आपल्या मंडळांनी पाळला तर निम्मी भांडणे जागच्या जागी मिटतील, असे आम्ही अनुभवाने सांगतो.

आणखी एक गंमत सांगितली पाहिजे. लायन्स क्लबात 'टेल ट्विस्टर' नावाचा एक पदाधिकारी असतो. उशिरा आलेल्याला, बिल्ला विसरलेल्याला थट्टेने किरकोळ दंड करून बैठकीत हशा पिकवणे हे त्याचे काम. हसण्यासाठी एक अधिकृत पद! गंभीर काम करणाऱ्यांना हसण्याचीही गरज असते, हे त्यांनी नियमात लिहून ठेवले.

दोन थेंबांचा डबा

या क्लबांच्या नावावर जे सर्वांत मोठे काम जमा आहे, त्यात आमचाही एक बारीकसा वाटा आहे, हे सांगताना आम्हाला अभिमान वाटतो.

१९७९ साली रोटरीने फिलिपाइन्स देशातील मुलांना पोलिओचा डोस देण्याचे काम अंगावर घेतले. १९८५ साली साऱ्या जगासाठी 'पोलिओप्लस' कार्यक्रम जाहीर केला. १९८८ साली जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ वगैरेंसह जागतिक मोहीम सुरू झाली, तेव्हा १२५ देशांत वर्षाला सुमारे साडेतीन लाख मुलांना पोलिओ होत होता. आपल्या देशात १९९५ साली पल्स पोलिओ सुरू झाला. डिसेंबर महिना होता. आम्ही तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे, शाळकरी. वस्तीच्या तोंडाशी बाकडे टाकून केंद्र उघडले होते. डोस थंड राहिला पाहिजे म्हणून बर्फाच्या पिशव्या घातलेला निळा डबा होता. तो सावलीत ठेवायचा, झाकण उगाच उघडायचे नाही, एवढी जोखीम आम्हा पोरांवर होती. नर्सबाई दोन थेंब देत आणि आम्ही बाळाच्या करंगळीला शाई लावत असू. त्या दिवशी केळी आणि बिस्किटे घेऊन जे गृहस्थ आले, ते सेवा क्लबाचे सभासद होते, हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी कळले.

त्यानंतर घराघरांत, वीटभट्ट्यांवर, बांधकामाच्या जागी, एस.टी. स्टँडवर आणि रेल्वे स्टेशनवर हे काम वर्षानुवर्षे चालले. २००९ साली एकट्या भारतात पोलिओचे ७४१ रोगी सापडले होते. तेव्हा कित्येक जाणकार म्हणत, सगळीकडून पोलिओ जाईल, पण भारतातून जाणे कठीण. शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला. ती एक लहान मुलगी होती. त्यानंतर एकही नाही. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आपला विभाग पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

हे यश क्लबांचे एकट्याचे नव्हे. सरकारचे आहे, आणि उन्हातान्हात पायपीट करणाऱ्या अंगणवाडी सेविका, नर्सबाई व आशाताईंचे तर सर्वांत जास्त आहे. त्यांचे मानधन किती आणि श्रम किती, याचा ताळेबंद कुणीतरी मांडला पाहिजे. परंतु नेट लावून तीस-चाळीस वर्षे एकाच कामाचा पिच्छा पुरवणे, हा गुण क्लबांकडून घेण्यासारखा आहे हे खरे.

दारे कुणासाठी बंद होती?

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्यांनी पिढ्यानपिढ्या दाराबाहेर उभे राहून पाहिले, त्यांना दारे कुठे बंद आहेत हे लवकर दिसते.

'मैत्री आणि सेवा' म्हणणाऱ्या या क्लबांत अनेक दशके स्त्रियांना सभासदत्व नव्हते. कॅलिफोर्नियातील डुआर्टे या छोट्या गावच्या रोटरी क्लबने १९७७ साली तीन स्त्रियांना सभासद करून घेतले. तेव्हा वरिष्ठ संघटनेने त्या क्लबची मान्यताच काढून घेतली. क्लब हटला नाही. आपल्या बिल्ल्यावर फुली मारून ते 'माजी रोटरी क्लब' म्हणून बैठका भरवत राहिले आणि न्यायालयात गेले. ४ मे १९८७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी सिल्व्हिया व्हिटलॉक या कृष्णवर्णीय मुख्याध्यापिका त्या क्लबच्या अध्यक्षा झाल्या. १९८९ साली रोटरीने जगभर स्त्रियांना दार उघडले. लायन्सने ते १९८७ सालीच उघडले होते. पुढे २०१८ साली लायन्सच्या आणि २०२२ साली रोटरीच्या सर्वोच्च पदावर प्रथमच स्त्री बसली. हक्क मागावा लागतो आणि कायद्याच्या मार्गाने मिळवावा लागतो, हा धडा आपल्याला नवा नाही.

वर्गाची भिंत मात्र अजून पुष्कळ ठिकाणी आहे. सभासद व्हायला कुणीतरी नाव सुचवावे लागते. वर्गणी, जेवणावळी, अधिवेशनाचा प्रवास हे सर्व पगारदार कारकुनाला किंवा रोजंदारीवरच्या माणसाला झेपत नाही. बैठकीची भाषा अनेकदा इंग्रजी. मग होते काय, की टेबलाच्या एका बाजूला कायम तेच आणि दुसऱ्या बाजूला कायम आपण. ते देणारे, आपण घेणारे. एका शिबिराच्या फलकावर आम्ही 'लाभार्थी' हा शब्द वाचला आणि तो मनात सलत राहिला.

एक पत्र आणि तीन आठवडे

आता त्या नेत्रशिबिराकडे परत येऊ. कारण मावशींच्या प्रश्नाचे उत्तर त्याच दिवशी दुपारी निराळ्या रीतीने समोर आले.

पत्रकावर वेळ सकाळी नऊची होती. डॉक्टर साडेआठलाच आले होते, उपकरणे मांडून तयार होती. पण प्रमुख पाहुणे यायचे होते, त्यांच्या हस्ते उद्घाटन व्हायचे होते. साडेदहा वाजले. साखरेचा आजार असलेल्या एका काकांना उपाशीपोटी घेरी आली. आम्ही धावत जाऊन चहा-बिस्किटे आणली. पाहुणे आले, हारतुरे झाले, भाषण झाले. शेवटी चष्मे मिळालेल्या म्हाताऱ्या माणसांना ओळीने उभे करून, हातातला चष्मा वर धरायला लावून फोटो काढले. त्या मावशींनी पदर डोळ्यांवर ओढला. फोटो काढणारा म्हणाला, "आजी, जरा हसा की!"

तपासणी मात्र उत्तम झाली, हेही तितकेच खरे. एकोणीस जणांना मोतीबिंदू निघाला आणि त्यांच्या मोफत शस्त्रक्रियेची यादी झाली.

रात्री मंडळाची बैठक बसली. तरुण कार्यकर्ते संतापले होते. "आपला अपमान करून घ्यायला यांना बोलावले काय? पुन्हा वस्तीत पाऊल ठेवू देऊ नका," असे एकाने निक्षून सांगितले. दुसरीकडे ज्यांची आई यादीत होती, ते गप्प बसले होते. त्यांच्यापैकी एक जण शेवटी हळूच म्हणाला, "दादा, स्वाभिमान खरा, पण आईला जिना दिसत नाही." त्यावर कुणालाच काही बोलता येईना.

खूप वेळ चर्चा झाल्यावर ठरले, की भांडायचे नाही आणि गप्पही बसायचे नाही. आम्ही ऑफिसच्या सवयीने क्रमांक घालून पत्र लिहिले. एक, शिबिर पत्रकातील वेळेवर सुरू व्हावे, कुणासाठीही रुग्ण थांबवू नयेत. दोन, विचारल्याशिवाय कुणाचाही फोटो काढू नये. तीन, नोंदणीच्या टेबलावर वस्तीतील दोन माणसे बसावीत. चार, शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने जी तपासणी लागते, तिला नेण्या-आणण्याची जबाबदारी आमचे मंडळ घेईल, तारखा क्लबने कळवाव्यात. खाली आमच्या सर्वांच्या सह्या.

तीन आठवडे उत्तर नाही. ते दिवस आम्हाला फार जड गेले. यादीतील माणसे रोज विचारत, "काय झालं आपलं?" एका काकांच्या मुलाने वाट न पाहता व्याजाने पैसे काढून खाजगी दवाखान्यात शस्त्रक्रिया करून घेतली. ते कर्ज आमच्या पत्रामुळे त्या घरावर बसले, ही बोच आम्हाला आजही आहे. ती लपवून ठेवणे आम्हाला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

चौथ्या आठवड्यात क्लबाचे अध्यक्ष स्वतः आले. निवृत्त इंजिनिअर, साधे गृहस्थ. समाजमंदिरात सतरंजीवर मांडी घालून बसले. म्हणाले, "तुमचे पत्र आमच्या बैठकीत मोठ्याने वाचले. काहींना राग आला. पण उत्तर कुणाकडे नव्हते." तीन मुद्दे त्यांनी मान्य केले. फोटोच्या मुद्द्यावर म्हणाले, "भिंगाचे पैसे देणाऱ्याला पुरावा दाखवावा लागतो हो." त्यात तथ्य होते. शेवटी असे ठरले, की फोटो उपकरणांचा आणि सभागृहाचा काढावा. माणसांचा फक्त ज्यांची राजीखुशी असेल त्यांचा. शस्त्रक्रिया पार पडल्या. दोन जण भीतीने गेलेच नाहीत, उरलेल्या सोळा जणांना दिसू लागले.

एवढे सांगायचे कारण असे, की टेबलाच्या पलीकडची माणसे वाईट नसतात. पण त्यांना कुणी सांगत नाही. सांगायचे काम आपले आहे, आणि ते सभ्य भाषेत, सही करून, किंमत मोजायची तयारी ठेवून केले पाहिजे.

आमच्या वहीतील बदल

या प्रकरणानंतर आमच्या मंडळाने स्वतःच्या घराकडेही पाहिले. दुसऱ्याला चार मुद्दे लिहून देणाऱ्यांची स्वतःची वही स्वच्छ हवी.

आता आमची बैठक दर पंधरवड्याच्या रविवारी संध्याकाळी सहाला बसते. एक माणूस आला तरी बसते. अध्यक्ष एका वर्षाचा. तिसऱ्या वर्षी वस्तीतील एक अंगणवाडी सेविका अध्यक्षा झाल्या. तेव्हा दोघा जुन्या सभासदांनी येणे बंद केले. पैकी एक जण पुढे परत आले. खाती दोन केली. मासिक वर्गणीतून चहा आणि टपाल. लोकवर्गणीतून फक्त वस्तीचे काम. दर तीन महिन्यांनी जमाखर्च समाजमंदिराच्या फळ्यावर लागतो. एका तिमाहीत एकशे चाळीस रुपयांचा मेळ बसला नाही. खजिनदार म्हणाले, मी खिशातून भरतो. आम्ही म्हणालो, नको, फळ्यावर 'मेळ नाही' असेच लिहा. तसे लिहिले. त्यानंतर लोकांची वर्गणी वाढली, कमी झाली नाही!

उशिरा येणाऱ्याला आमच्याकडेही दंड आहे. त्याने सर्वांचे कप विसळायचे. अध्यक्षांनीही विसळले आहेत.

आणि एकोप्याबद्दल विचाराल तर तो भाषणाने येत नाही, हे आम्हाला कळून चुकले आहे. तो शस्त्रक्रिया झालेल्या आजींना रिक्षातून नेताना येतो. सरकारी इस्पितळात कुणाचा माणूस दाखल असला की रात्रीची पाळी लावून व्हरांड्यात बसताना येतो. परीक्षेच्या दिवसांत समाजमंदिरातील अभ्यासिका रात्री बारापर्यंत उघडी ठेवताना येतो. जो माणूस आपल्यासाठी रात्रभर जागला, त्याच्याशी दुसऱ्या दिवशी बॅनरवरच्या फोटोवरून भांडता येत नाही.

ही परंपरा आपलीच आहे

कुणी म्हणेल, परदेशी क्लबांचे कौतुक कशाला? आमचे म्हणणे असे, की हे आपल्याकडेही झालेले आहे. २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सर चिमणलाल सेटलवाड हे तिचे अध्यक्ष होते आणि व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. या सभेने १९२५ साली सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह चालवले, मुंबईत वाचनालय काढले, आणि तरुणांसाठी हॉकी क्लबही काढला! हॉकी क्लब कशासाठी? व्यसनापासून दूर राहून तरुणांनी एकत्र यावे, खेळावे, एकमेकांचे व्हावे म्हणून. बाहेरच्या सज्जनांची मदत घेतली, परंतु कारभाराची किल्ली आपल्याच हाती ठेवली. सेवा, मैत्री आणि स्वाभिमान यांचा मेळ कसा घालावा, याचा याहून चांगला नमुना आणखी कोणता?

आपण काय करू शकतो?

शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. आपल्या वस्तीत एखादा क्लब शिबिर घेऊन आला तर आनंदाने स्वागत करा, पण चार गोष्टी आधी विचारा : वेळ कोणती, पुढचा उपचार कोण करणार, औषधांचा खर्च कोणाकडे, आणि आमची माणसे टेबलावर असतील का?

आपल्या तरुण मुलामुलींना सांगा, की रोटरीची तरुणांसाठी रोटरॅक्ट ही शाखा १९६८ पासून आहे आणि लायन्सची लिओ ही शाखा १९५७ पासून. अनेक कॉलेजांत त्या चालतात. तिथे जरूर जावे. सभेत उभे राहून बोलणे, इतिवृत्त लिहिणे, कार्यक्रमाचे अंदाजपत्रक करणे हे शिक्षण वर्गात मिळत नाही. तसेच, जे रोटरीचे सभासद नाहीत अशा लोकांनी आपल्याच वस्तीसाठी गट करावा आणि क्लबने त्याला पाठबळ द्यावे, अशीही एक योजना १९८६ सालापासून आहे. तिला आज रोटरी कम्युनिटी कोअर म्हणतात. आपल्या महिला मंडळांनी याची चौकशी करायला हरकत नाही.

आणि सेवा करायला क्लब लागतोच असे नाही. अठरा ते पासष्ट वर्षांच्या, वजन पंचेचाळीस किलो व हिमोग्लोबिन साडेबारा असलेल्या निरोगी माणसाला रक्त देता येते. पुरुषांना तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा देता येते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रदान करता येते. ज्यांनी आयुष्यभर फक्त घेतले असे जग समजते, त्यांचे रक्त आणि त्यांचे डोळे कुणाच्या जातीचे आणि कुणाच्या वर्गाचे, हे पेढीत कुणी विचारत नाही.

मागच्या पावसाळ्यानंतर पुन्हा नेत्रशिबिर झाले. बरोबर नऊला सुरू झाले. त्या मावशी आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. पण आजूबाजूच्या बायकांना त्याच बोलावून आणतात आणि दाराशी स्टूल टाकून चिठ्ठ्या वाटतात. एक नवी सून त्यांना विचारत होती, "आत्या, ही माणसं कोण?"

मावशी चष्मा सारखा करून म्हणाल्या, "ती कोपऱ्यात बसलीत ना, ती क्लबातली. आणि ही टेबलावरची आपली. चल, नंबर घे, नऊ वाजून गेले."

आम्हाला जे उत्तर देता आले नव्हते, ते मावशींनी दिले. प्रत्येक वस्तीला ते देता यावे, एवढीच आमची इच्छा.

जय भीम!